शिवणीत गेलेलं गाव

“आता मी जे सांगणार आहे, त्यावर कुणाच्या बापाचाही विश्वास बसणार नाही,” मावशी म्हणाल्या.

“मग सांगताय कशाला?” पडद्याआडून आवाज आला.

“सवय गं. दुसरं काय!”

सवय खरीच होती. मावशींचं शिवणाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्यात कापायचं एक टेबल, एक पायमशीन, कपडे घालून बघायला कोपऱ्यात एक पडदा आणि पडद्याआड एक जुनं कॅलेंडर. अर्ध्या वस्तीची मापं मावशींना तोंडपाठ होती आणि अख्ख्या वस्तीला मावशींच्या थापा. एका कोटाला त्यांनी अशी पक्की टीप मारली होती म्हणे, की पुढे कोट फाटला, कोटाच्या मालकाची दोन लग्नं मोडली, टीप मात्र जागची हलली नाही. एकदा वाऱ्याने उडालेला पडदा त्यांनी खाली यायच्या आत, हवेतल्या हवेत शिवून दिला होता. आणि कॅलेंडरवरची ती लाल आगगाडी! कमानींच्या उंच पुलावरून वळण घेत निघालेली, खाली दरी, मागे बर्फाचे डोंगर. त्या गाडीतून तर मावशी इतक्यांदा गेल्या होत्या की ड्रायव्हर त्यांना नावानिशी ओळखायचा. त्या पुलाचं वळण एवढं वाकडं, की शेवटच्या डब्याच्या खिडकीतून हात लांबवून मावशींनी इंजिनातल्या माणसाला चहा दिला होता. कप परतही घेतला होता. कॅलेंडरचं वर्ष केव्हाच सरलं, पण गाडी पुलावरून हलायचं नाव घेत नव्हती.

हे सगळं सांगताना मशीन सुरूच असे. थाप जेवढी मोठी, तेवढी टीप सरळ. पायाखाली खडखड, तोंडाने बडबड, आणि मधे कुठे टाका सुटायचा नाही.

आत्ता मात्र मशीन थांबलं.

“मी युरोपात जाणार आहे,” मावशी म्हणाल्या. “एकटी. आणि आगगाडीने फिरणार आहे.”

पडदा सरकला. जवळच्या दवाखान्यातली नर्स बाहेर आली. तिला सगळे सिस्टरच म्हणत. नव्या युनिफॉर्मच्या एकाच बाहीत तिचा हात होता, दुसरी बाही मागे लोंबत होती.

“मावशी, मशीन का थांबलं?”

“थांबलं असेल. मशीनच ते.”

“तुमचं मशीन थापेला थांबत नाही. माझे बाबा गेले तेव्हा तुम्ही मला काय काय समजावलंत, तेव्हा थांबलं होतं. आणि एकदा मला म्हणालात, हा पिवळा रंग तुला अजिबात शोभत नाही, तेव्हा.” सिस्टरने दुसरी बाही चढवली. “म्हणजे तुम्ही खरंच जाताय!”

मावशींना मनातून रागच आला. जन्मभर झाकून ठेवलेली गोष्ट एका अर्धवट कपडे घातलेल्या पोरीने हातोहात पकडली होती.

“अगं, माल संपला माझा,” त्यांनी पुन्हा पाय मारायला सुरुवात केली. “तीच लाल गाडी किती फिरवू? गिऱ्हाइकं आता माझ्या आधी पुढचं वाक्य म्हणतात. धंदा बसेल अशाने. ताजा माल आणायला नको?”

सिस्टर नुसती मशीनकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळाने मशीन थांबलं.

“आणि खिडकी,” मावशी म्हणाल्या. “लहानपणी गाडीत बसलं की खिडकी भावाची. लग्नानंतर ह्यांची, ह्यांना वारा लागायचा. मग मुलाची, त्याला उलटी व्हायची. मग नातवंडांची, ती तर नातवंडंच. मी कायम खिडकीशेजारची. बाहेरचं जग मी सगळं कुणाच्या ना कुणाच्या कानावरून बघितलंय. आता मला मधे कान नकोय.”

“कधी निघायचं?” सिस्टर म्हणाली.

घरात मात्र हे इतकं सोपं जाणार नव्हतं. मावशींचे चिरंजीव कचेरीत मोठ्या खुर्चीवर होते आणि घरातही ती खुर्ची बरोबर घेऊनच वावरायचे. त्यात रविवारी दुपारी भावजी आले. भावजी म्हणजे मावशींचे धाकटे दीर. ते टूरबरोबर जाऊन युरोप तीनदा ‘करून’ आले होते. विमानात मिळालेली गळ्याभोवतीची फुगीर उशी परतल्यावरही आठवडाभर त्यांच्या गळ्यात होती, असं मावशी सांगत, आणि ही थाप नव्हती.

“वहिनी, तुमची सोय केली,” भावजी म्हणाले. “आमच्या टूरमध्ये एक जागा आहे. बस दारात, जेवण हातात. पुढे झेंडा घेतलेला माणूस चालतो, आपण मागे. रोज सकाळी तो सगळ्यांची डोकी मोजतो. हरवायचा प्रश्नच नाही.”

“मला कुणी मोजलेलं नको,” मावशी म्हणाल्या. “इतकी वर्षं मी लोकांची मापं घेतलीत. आता या वयात मी कुणाला माझं डोकं मोजू देणार नाही.”

“आई, हट्ट करू नकोस,” चिरंजीव म्हणाले. “तिथल्या गाड्या, त्यांची बुकिंगं... तुला काय कळणार त्यातलं?”

मशीन थांबलं. चिरंजीव एकदम दचकले, डुलकी लागलेल्या माणसाला कुणी हाक मारावी तसे, आणि कशामुळे दचकलो ते न कळून इकडेतिकडे बघू लागले.

“मी एकटी जाणार,” मावशी म्हणाल्या. “आणि सगळं बेतून झालंय माझं.”

त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. करडा, जाडसर, घोट्यापर्यंतचा. नजरेत भरावं असं त्यात काही नव्हतं. मग त्यांनी तो टेबलावर उलटा करून पसरला, आणि भावजींच्या हातातला कप बशीवर वाजला.

कोटाचं अस्तर म्हणजे अख्खा युरोप होता. मावशींना कुठलाही बेत करायचा म्हणजे एकच रीत ठाऊक. खडूने आखायचा, कात्रीने कापायचा, मशीनवर जोडायचा. दुकानात उरलेल्या चिंध्यांतून त्यांनी एकेक देश कापला होता. एक देश शाळेच्या युनिफॉर्मचा, एक कुणाच्या लग्नातल्या रेशमाचा, एक चौकटीचा, एक भावजींच्याच जुन्या पायजम्याचा. देशांवरून आगगाड्या धावत होत्या त्या दोऱ्याच्या. थांबत थांबत जाणारी साधी गाडी म्हणजे धावदोरा, जलद गाडी म्हणजे दुहेरी टीप, झोपून जायची रात्रीची गाडी काळ्या दोऱ्याची. आणि जागोजाग काजं आणि बटणं.

“ही बटणं कसली?” चिरंजीवांनी विचारलं.

“पास घेतला की सगळ्या गाड्यांत बसता येतं असं वाटतं माणसाला,” भावजी मधेच म्हणाले. त्यांना आता चेव आला होता. “नुसत्या पासावर भागत नाही वहिनी! जलद गाड्यांना जागा वेगळी राखावी लागते. नाहीतर उभ्याने...”

“म्हणून तर बटणं,” मावशी म्हणाल्या. “जिथे जागा राखायची, तिथे काज-बटण. राखली की बटण लावायचं. उघडं दिसलं की समजायचं, अजून काम बाकी आहे.”

चष्मा पुसून भावजी अस्तरावर वाकले आणि बोटाने एकेक टीप चाचपत निघाले. कालव्यांच्या गावावरून, मोठ्या घड्याळाच्या गावावरून (गावांना मावशींनी आपलीच नावं दिली होती), पायजम्याचा देश ओलांडून ते डोंगरांपाशी आले. तिथे रेशमाचा देश आणि चौकटीचा देश एकमेकांना लागत होते. तिथे बोट थबकलं. पुढे गेलं, मागे आलं.

“वहिनी, तुमची ती कॅलेंडरवरची लाल गाडी कुठून सुटते?”

“सरहद्दीवरच्या त्या छोट्या गावातून. तिथे रात्र काढायची, सकाळी लाल गाडी धरायची. सगळ्या फिरण्यातली तीच तर खरी गंमत.”

“ते गाव कुठाय?”

मावशींनी बोट ठेवलं. बोटाखाली शिवण होती. त्यांनी शिवण चिमटीत धरून वर उचलली, उलटून बघितली. मग दिव्याखाली नेऊन बघितली.

गाव नव्हतं.

झालं होतं असं. रेशमाचा देश आणि चौकटीचा देश त्यांनी नकाशावरच्या सरहद्दीवरून, अगदी रेघेवर रेघ ठेवून कापले होते. शिवणीसाठी कडेला जे जास्तीचं कापड सोडायचं असतं, ज्याला शिंपीकामात माया म्हणतात, ती माया त्या सोडायला विसरल्या होत्या. माया सोडली नाही म्हणून त्यांनी शिकाऊ मुलींना रडवलं होतं. आणि स्वतः लाल गाडीच्या आनंदात सपासप कात्री चालवली. मग दोन देश जोडताना दोन्ही कडांचं कापड शिवणीत गेलं, आणि त्याबरोबर गावही. रेल्वे स्टेशनासकट.

भावजी आधी खुदकन हसले, मग पोट धरून. “गाव शिवणीत गेलं! अहो, नेमकं तेच गाव! वहिनी, परदेशात माणूस हरवतो असं ऐकलं होतं, तुम्ही तर गावच हरवलंत!”

चिरंजीवही हसले. सिस्टर तेवढ्यात कंबर सैल झाल्याची तक्रार घेऊन आली होती. ती दारातच थांबली, पण हसली नाही.

मावशी अस्तराकडे बघत राहिल्या. भावजी खरं बोलत होते, आणि ते खरं बोलत होते याचाच जास्त ताप होत होता.

“चूक झाली,” त्या म्हणाल्या. “पण शिवण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. उसवता येते.”

“आई, पुरे,” चिरंजीवांचा आवाज उतरला. ते आता हसत नव्हते. “गाव गेलं तर गेलं. माझी भीती वेगळी आहे. तू तिथे हरवलीस, पडलीस, आणि मला फोन करून म्हणालीस की मी हरवलेय, तर मी काय समजू? लहानपणापासून ऐकतोय मी तुझं. तू हवेत पडदे शिवतेस. तू इंजिनवाल्याला चहा देतेस. तुझं खरं कोणतं आणि थाप कोणती, मला आजवर कळलेलं नाही.”

“कळायचं तुला,” मावशी म्हणाल्या. “पाळण्यात होतास तेव्हा कळायचं. मशीन चालू असलं की गाढ झोपायचास. थांबलं की टक्क जागा.”

“आता मी पाळण्यात नाही.” चिरंजीव उठले. “ज्या दिवशी मला तुझी थाप ओळखता येईल ना, त्या दिवशी खुशाल जा. एकटी जा, आगगाडीने जा, बैलगाडीने जा, मी सामान उचलून देईन. तोवर टूर. नाहीतर घर.”

“बघू,” मावशी म्हणाल्या.

त्या ‘बघू’चा अर्थ त्या घरात आजवर ‘मुळीच नाही’ असाच होत आला होता. पण चिरंजीवांनी तो कानाआड केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी दुकानाच्या दाराला आतून कडी घातली आणि सरहद्दीची शिवण उसवली. कापलेलं कापड काही वाढत नाही. कात्री चालली ती चालली. दोन्ही देश आपापल्या कडेवर ताणून धरले तरी गावाला पाय ठेवायला जागा होईना. घटकाभर त्यांना वाटलं, भावजींचंच बरोबर. झेंड्यामागे चालावं, डोकं मोजून घ्यावं, बसच्या खिडकीतून पूल दिसला तर दिसला. मग त्यांनी स्वतःलाच एक झणझणीत शिवी हासडली आणि कापडाच्या ढिगात हात घातला.

माया कमी पडली तर शिंपी रडत बसत नाही, पट्टी जोडतो. मावशींनी जांभळ्या मखमलीची एक लांब पट्टी काढली आणि दोन देशांच्या मधे घातली. ती पट्टी नकाशात नव्हती. तिच्यावर ना या देशाचा हक्क, ना त्या देशाचा. पट्टीच्या मधोमध त्यांनी गाव काढलं, स्टेशन काढलं, गावात राहायला एक खोली काढली आणि खोलीला एक मोठी खिडकी.

“आधी मी इथे एकच रात्र ठरवली होती,” पुढच्या खेपेला त्यांनी सिस्टरला सांगितलं. “आता पट्टी रुंद झालीय. मन भरेपर्यंत राहीन. गावाने माझ्यासाठी शिवणीत एवढा त्रास काढलाय, त्याची विचारपूस नको करायला?”

मग बटणं लावायची वेळ आली. ते काम सिस्टरच्या फोनवर व्हायचं. मावशींनी स्वतःच्या शिलाईच्या कमाईचं बँकेचं कार्ड पहिल्यांदाच पाकिटाबाहेर काढलं, आणि ते इतकं नवंकोरं होतं की चुकून त्याच्या कडेने खडू ओढून त्यांनी एक रेघ आखून बघितली. एका फिटिंगला एक गाडी राखून व्हायची. त्यामुळे सिस्टरचा युनिफॉर्म कधी कंबरेत सैल निघे, कधी खांद्यात घट्ट, कधी नुसताच मनाला येत नसे.

“सिस्टर, तुम्ही बारीक होताय की जाड?” एकदा चिरंजीवांनी न राहवून विचारलं.

“दोन्ही,” सिस्टर म्हणाली. “ड्युटीवर अवलंबून आहे.”

व्हिसाही आला. खिडकीवरच्या साहेबाने विचारलं, रोजचा प्रवास कसा कसा करणार, तर मावशींनी म्हणे तिथल्या तिथे कोट उलटा करून दाखवला. साहेबाने अस्तर पाहिलं, उठून सलाम ठोकला आणि स्वतःच्या पॅन्टची चेन बिघडली होती ती दुरुस्त करून घेतली. हे मावशी सांगत तेव्हा मशीन भन्नाट वेगाने चाललेलं असे. तेव्हा त्यातलं काय घ्यायचं ते ज्याने त्याने घ्यावं. व्हिसा मात्र खराच आला होता.

कालव्यांच्या गावाचं बटण लागलं. रात्रीच्या गाडीचं लागलं, खालची बर्थ. एका गाडीचे डबे अर्ध्या वाटेत सुटतात आणि पुढचे एकीकडे, मागचे भलतीकडे जातात, त्या गाडीत योग्य डब्याची जागा धरायला दोघींना दोन फिटिंगं लागली. अखेर एकच बटण उघडं राहिलं, लाल. लाल गाडीत जागा होत्या, पण खिडकीच्या नव्हत्या.

“मधली घेऊ?” सिस्टरने विचारलं.

“नको.”

“मावशी, परवा निघायचंय.”

“तर मग त्या गावात राहीन आणि रोज स्टेशनवर जाऊन विचारीन. माणसं आजारी पडतात, माणसं भांडतात, माणसांना उलट्या होतात. एक खिडकी रिकामी होणारच कधीतरी. मी दुसऱ्याच्या कानावरून तो पूल बघणार नाही, सांगून ठेवते.”

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सिस्टर धापा टाकत आली. युनिफॉर्मचं निमित्त हातात धरायचंही तिला भान नव्हतं. तिने फोन मावशींच्या नाकासमोर धरला. कुणीतरी आपली जागा सोडली होती.

मावशींनी कोट उलटा केला, लाल बटण काजातून ओढलं, अंगठ्याने दाबून बघितलं आणि कोट सुलटा करून खुंटीवर टांगला. करडा, जाडसर, कुणाच्या नजरेत न भरणारा. तेवढ्यात दारात भावजींचा खोकला वाजला. मागे चिरंजीव. सिस्टर झटकन पडद्याआड गेली, आणि मावशी मशीनवर बसून हाताला लागेल ते कापड सुईखाली सारून पाय मारू लागल्या. ते इस्त्रीचं फडकं होतं.

“वहिनी, टूरवाले उत्तर मागतायत,” भावजी म्हणाले. “आज शेवटचं. काय सांगू?”

मावशींनी क्षणभर विचार केला. वाद घालायचा तर रात्र त्यातच जाणार. पहाटे निघायचं, बॅग सिस्टरच्या खोलीवर ठेवलेली. वादापेक्षा थाप सोयीची. आणि थाप मारायची तर लाज कसली, चांगली सणसणीत मारावी.

“त्यांना सांगा, जागा दुसऱ्या कुणाला द्या,” त्या म्हणाल्या. मशीन खडखडत होतं. “मी कुठेच जात नाही. ना टूर, ना आगगाडी. गुडघा धरलाय. शाळेचे युनिफॉर्मही आलेत ढीगभर. आणि काय ठेवलंय हो त्या युरोपात? पूल काय, आपल्या नाल्यावरही आहे. गाव शिवणीत गेलं तेव्हाच मी समजले. वरूनच नको म्हणतायत. भावजी, तुमचं ऐकायला हवं होतं मी पहिल्यापासून.”

भावजींची छाती टरारून फुगली. “बघा! मी म्हणत नव्हतो? शहाणपण उशिरा का होईना, सुचलं. चला, मी कळवतो त्यांना.” ते दारापाशी वाकून चपला शोधू लागले.

“बरं झालं, आई,” चिरंजीव म्हणाले. त्यांच्या खांद्यांवरचं केवढं तरी ओझं उतरलं. ते स्टुलावर बसले, पाठ भिंतीला टेकवली. “माझी झोप उडाली होती बघ या सगळ्यापायी.”

“झोप आता,” मावशी म्हणाल्या. पाय जरा जोरातच चालत होता.

खडखड, खडखड, खडखड. लय संथ झाली, पुन्हा चढली, पण मधे कुठे टाका सुटला नाही. चिरंजीवांनी जांभई दिली. डोळे जड झाले. किती दिवसांनी अशी झोप येतेय, त्यांना वाटलं. लहानपणी टेबलाखालच्या कापडांच्या ढिगात यायची तशी. आई वरती कुणाला तरी इंजिनवाल्याला चहा दिल्याचं सांगायची, आणि खाली आपण असेच...

चिरंजीवांचे डोळे खाडकन उघडले.

त्यांनी मशीनकडे बघितलं. सुईखालून इस्त्रीचं फडकं तिसऱ्यांदा चाललं होतं. त्यांनी खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं. ते उठले, दोन ढांगांत खुंटीपाशी गेले आणि कोटाची एक बाजू उलटी केली. झाडून सगळी बटणं लावलेली होती. पडद्याच्या खालून सिस्टरचे बूट दिसत होते, आणि ते अजिबात हलत नव्हते. भावजी एका पायात चप्पल घालून, दुसरा पाय अधांतरी धरून, दारात तसेच राहिले.

मावशी मान वर न करता पाय मारत होत्या.

“आई!” चिरंजीव ओरडले. “खोटं! साफ खोटं बोलतेयस तू! एवढं सगळं बोललीस, आणि मशीन एकदासुद्धा थांबलं नाही!”